बुरुजाचं वजन

अकरा वर्षं मी शाळेच्या नाटकांचं नेपथ्य करतोय आणि अकरा वर्षांत एकही नाटक समोरून पाहिलेलं नाही. हस्तकलेचा शिक्षक म्हणजे हक्काचा माणूस. "सर, तुम्ही काहीतरी जुळवालच," असं म्हणून मुख्याध्यापिका बाई मोकळ्या होतात आणि मी अडकतो. सामान मागितलं की त्या कौतुक करतात. कौतुकाला खिळे मारता येत नाहीत, हे त्यांना कोण सांगणार?

यंदा मात्र मी घरी शब्द दिला होता. मुलगी दहावीत, शाळेतलं तिचं हे शेवटचं नाटक. बुरुजात कोंडलेली राजकन्या तीच आणि पडदा उघडताच पहिलं गाणंही तिचंच. "बाबा, या वेळी तू पहिल्या रांगेत बसायचंस. मी तुझ्याकडे बघून गाणार," ती म्हणाली. तिची आई म्हणाली, "मी खुर्ची धरून ठेवते. शेवटी तिच्यावर माझी पर्सच बसणार म्हणा!" ते मला लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं.

बुरूज चौदा फुटी. मोडक्या बाकांच्या पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर फ्रीजच्या खोक्यांचे पुठ्ठे, दगड दिसावेत म्हणून उलटे चिकटवलेले अंड्यांचे ट्रे. रंग तीन घरांतून उरलेला. सगळे डबे एकत्र ओतले की राखाडीच होतो. सज्जा दोन फूट पुढे आलेला. त्यावर कोणी उभं राहिलं की बुरूज पुढे कलणार, म्हणून मागच्या फळीवर वजन हवं. मी कॅन्टीनमधून वीस-वीस लिटरचे चार कॅन आणले आणि पाण्याने काठोकाठ भरून ठेवले. ऐंशी किलो, तेही फुकटात. स्वतःवर भलताच खूश होतो मी.

तिसरी घंटा झाली. मुलगी मागच्या शिडीवरून वर गेली होती. नवा शर्ट नीट करत मी समोर बसायला निघालो आणि जाता जाता सवयीने एका कॅनला पाय लावला. कॅन घसरत गेला. दुसराही. चारही रिकामे, झाकणं मात्र घट्ट लावलेली.

"काका, यातलं पाणी कुठंय?" मी शिपाईकाकांना विचारलं.

"सकाळीच ओतलं की झाडांना. बाईंची नोटीस आहे ना, पाणी साठवायचं नाही, डास होतात."

पडदा सरकायला लागला होता. हाक मारली असती तर मुलगी दचकून वळली असती. ती सज्जात पुढे झाली आणि माझ्या डोळ्यांदेखत मागची फळी बोटभर उचलली गेली. मी धपकन तिच्यावर बसलो. माझं वजन त्र्याऐंशी. माझ्या पोटावरून बायको रोज बोलते, पण त्या दिवशी तेच कामी आलं.

समोर पुठ्ठा, मागे काळा पडदा, गुडघे हनुवटीशी. वरून गाणं सुरू झालं आणि पहिल्याच ओळीला अडखळलं. का अडखळलं ते मला ठाऊक होतं. तिला खुर्चीवर पर्स दिसली असणार.

शिपाईकाका हळूच म्हणाले, "सर, लेक गातेय ना तुमची? बघून या, मी बसतो."

काका म्हणजे काडीपैलवान. तरी मला मोह झाला. चार पावलांवर पडद्याला फट होती, तिच्यातून सज्जा दिसला असता. काका शेजारी टेकले. मी हळूहळू अंग उचललं. फळी कर्रकन उठली, वरचा आवाज थरथरला, एक शब्द गिळला गेला. मी परत बसलो तो इतक्या जोरात की माकडहाडातून कळ गेली.

"चुकलं सर," काकांनी कान धरले.

"गप बसा. आणि आता उठू नका."

नाटक पाऊण तासाचं आणि राजकन्या अख्खा पाऊण तास वरच. दिग्दर्शकाला मनातल्या मनात काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. मध्येच बाई डोकावल्या. "वा सर, काय भक्कम झालाय! पुढच्या वर्षी जहाज करू या."

"बाई, आधी वजनांचं बघा..."

"तुम्ही काहीतरी जुळवालच," म्हणून त्या गेल्यासुद्धा. मला उठून त्यांच्या मागे जाताही येईना. वर मुलगी गात होती, सुरेख गात होती, आणि मी राखाडी पुठ्ठ्याकडे बघत रडत होतो.

टाळ्या झाल्या. ती शिडीवरून उतरली आणि मला बघून थबकली.

"म्हणजे तू इथेच होतास."

काका काहीतरी सांगायला गेले. मी त्यांचा हात दाबला. उद्या दुसरा प्रयोग होता, तिला पुन्हा वर चढायचं होतं.

"जाऊ दे," ती डोळे पुसत म्हणाली. "मध्ये एकदा हलला रे तो. जाम घाबरले मी. मग म्हटलं, बाबाने बांधलाय, पडणार नाही."

ती नमस्काराला धावत पुढे गेली. तो हलला नव्हता, मी हललो होतो. तेवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. तिचे पाय जमिनीला लागले होते, तरी मी फळीवर तसाच बसून राहिलो.