सावित्रीबाईंच्या डाव्या हातातला गडवा

“गळ्यापाशी धर, बेटी. पोटापाशी धरशील तं सुटेल.”

मंदाबाईंचा हा आवाज अजून माझ्या पितळेत घुमतो. मित्रांनो, मी एक जुना पितळी गडवा, म्हणजे पाण्याचा तांब्या आहे. माझा जन्म भंडाऱ्याच्या एका कासाराकडे झाला. ठोकून ठोकून त्यानं मला गोल पोट दिलं, निमुळता गळा दिला. मंदाबाईंच्या लग्नात आंदण म्हणून मी गोंदियाजवळच्या मुर्रीला आलो. पुढे त्यांनी आपल्या नव्या सुनेच्या, सावित्रीबाईंच्या, डाव्या हातात मला दिलं आणि ही शिकवणही दिली.

डाव्या हातात अशासाठी, की उजव्या हातात बेलफुलांचं ताट असायचं. रोज सकाळी बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठच्या महादेवाला पाणी घालायचं, आणि ते घातल्याशिवाय स्वतः घोटभरही प्यायचं नाही, असं सावित्रीबाईंचं व्रत. घरात स्टीलचे तांबे आले, मग रंगीत बाटल्या आल्या. माझे सोबती एकेक करून मोडीत गेले. मी मात्र रोज चिंचेनं घासला जात राहिलो. “हा तं सोन्यावानी चमकून राहिला वं!” असं कुणी म्हटलं, की माझं पोट आणखीच फुगायचं.

इतकी वर्षं गळ्याभोवती तीच बोटं. त्या हाताचा ताप, थंडी, काळजी, सगळं मला आधी कळायचं.

यंदा धानाच्या रोवणीत सावित्रीबाईंची डावी पापणी लवू लागली. दिवसभर चिखलात वाकून काम, तरतरी यावी म्हणून कपामागून कप चहा, आणि झोप पुरी नाही. पण त्या खूश होत्या.

“बाईमाणसाचा डावा डोळा लवला तं शुभ,” त्या शेजारच्या अनुसयाबाईंना म्हणाल्या. “माहा पोरगा इंद्रकुमार येते वाटते नागपूरहून.”

“इंद्रकुमार कुठचा? काल तं तुही नणंद आली!” अनुसयाबाई हसल्या. “मोठा शुभ हाय तुहा डोळा!”

सावित्रीबाईही हसल्या. पुढे त्यांच्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी मांस उडू लागलं. कातडीखाली मुंगळा फिरावा तसं. त्यालाही त्यांनी हात जोडले. डावीच बाजू, म्हणजे सगळं शुभच!

मला मात्र ते शुभ वाटेना. मित्रांनो, रोवणी संपली, चहा कमी झाला, झोप पुरी होऊ लागली, तशी पापणी आपोआप थांबली. अंगठा काही थांबला नाही. उलट त्याची पकड रोज थोडी सैल होत गेली. पोलक्याची गुंडी लावताना त्या चिडू लागल्या. आणि एका सकाळी, देवळाच्या पायरीवर, मी सुटलो.

घणघणत खाली गेलो. पोटाला पोचा पडला. पाणी सगळं मातीत.

सावित्रीबाई तिथंच बसल्या. “देवाचं पाणी सांडलं माह्या हातून,” एवढंच म्हणाल्या. मला पोच्याचं काही वाटलं नाही; त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. महादेव कोपला असं समजून त्यांनी सोमवारच्या जोडीला शनिवारचाही उपास धरला.

त्यांची सून दुर्गेश्वरी ऐकून घेणारी नव्हती. “डोळा लवला तोपर्यंत मी काही म्हटलं का जी, माय? पण हातातून गडवा सुटते, गुंडी लागत नाई, हे शुभ कसं?”

“तुले नाई समजत बेटी. देवाचं आहे.”

“मंग देवानं उपास करावा! तुमी कायले वाळून राहिल्या?”

सावित्रीबाईंनी कानांना हात लावले, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. दुसऱ्या दिवशी दोघी गोंदियाच्या दवाखान्यात गेल्या. पिशवीत पिण्याचं पाणी भरून, तोंडाला फडकं बांधलेला मीही होतो.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही तळहात शेजारी ठेवून पाहिले. डाव्या अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा सपाट झाला होता. “माताजी, हा गडवा डाव्या हातानं उचला,” त्या म्हणाल्या. मी जेमतेम वर आलो आणि थरथरत टेबलावर बसलो.

“पापणीचं मला भय नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “थकवा, जागरण, फार चहा, काळजी, अंगात पाणी कमी, एवढ्यानंही पापणी लवते, पोटरी लवते. काही औषधांनीही होतं. बहुतेकदा आपोआप थांबतं. आठवडे लोटले तरी थांबलं नाही, तर दाखवायचं. पण ताकद कमी होऊन राहिली, मांस बारीक झालं, मुंग्या येतात, वस्तू सुटतात, तेव्हा घरी बसायचं नाही. आणि एकाएकी तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एक बाजू लुळी पडली, तर त्याच घडीला दवाखाना.”

“महादेवाचा कोप तं नाई ना, बाई?”

“महादेव कशाला कोपेल? मनगटात नाहीतर मानेत नस दाबली असेल. दुसरंही काही असू शकतं. तपासल्याशिवाय मीही सांगू शकत नाही. सोमवारी सकाळीच नसांची तपासणी असते. या. आणि पाणी पिऊन या.”

सोमवार! महादेवाचा वार. त्याला पाणी घालायच्या आधीच कसं प्यायचं, हेच सावित्रीबाई वाटभर पुटपुटत राहिल्या. घरी आल्यावर दुर्गेश्वरीनं त्यांचा डावा हात आपल्या हातात घेतला. “पाणी मी घालीन जी, माय. तुमी तपासणीले जा. येवढं वचन द्या मले.”

“देतो,” त्या हळूच म्हणाल्या.

मित्रांनो, माझा पोचा कासार काढून देईल. माणसाच्या हाताला तसा कासार नाही. तुमच्या घरी कुणाच्या हातातून वस्तू वारंवार सुटत असेल, तर त्यांच्यावर ओरडू नका, हसू नका. जवळ बसून विचारा, आणि दवाखान्यात घेऊन जा.

सोमवारी सकाळी सावित्रीबाईंनी अंघोळ केली, देवापुढे दिवा लावला. मग मला दोन्ही हातांनी उचलून ओठांशी नेलं आणि डोळे मिटून पाणी प्यायल्या. इतक्या वर्षांत महादेवाच्या आधी पहिल्यांदाच. मला घासलं, पुन्हा भरलं आणि दुर्गेश्वरीपुढे धरलं.

दुर्गेश्वरीनं मला पोटाशी धरलं.

“तसा नाई,” सावित्रीबाईंनी तिची बोटं वर सरकवली. “गळ्यापाशी धर, बेटी. पोटापाशी धरशील तं सुटेल.”

मग पदर खांद्यावर घेतला, बोडीच्या दिशेला एकदा हात जोडले, आणि चपला घालून त्या गोंदियाच्या रस्त्याला लागल्या.