कुनमिंगचा फुलबाजार

चिमाजी मळ्यात झेंडू तोडत होते आणि त्यांची नात तृप्ती बांधावर बसून चीनमधल्या कुनमिंग शहराचा आठवडाभराचा बेत सांगत होती. आजोबांना एकदा विमानात बसवायचंच, असा तिचा हट्ट होता. पण मळा सोडून जायला आबा तयार नव्हते.

"तळं, डोंगर, उंच इमारती, सगळं बघू," ती म्हणाली.

"आन् फुलबाजार?"

"आबा, जन्मभर फुलंच तोडलीत. तिथं तरी सुट्टी घ्या! मी तो मुद्दाम वगळलाय."

"म्हंजे हाय तिथं?"

तृप्तीने मोबाइलवर व्हिडिओ लावला. नजर पोचेल तिथवर गुलाबांच्या जुड्या रचल्या होत्या. प्रत्येक जुडी कागदात गुंडाळलेली, सगळे दांडे एका मापाचे. चिमाजींनी पाटी खाली ठेवली, हात धोतराला पुसले आणि व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला.

"काय निगुतीनं बांधल्यात गं! एक पाकळी दुमडलेली नाय. ही बांधणारी माणसं बघायला पायजेत."

"मग येताय ना?"

"येतो. पन सातही दिवस ह्या फुलबाजारातच थांबायचं."

"आबा! निदान तीन दिवस तरी शहर!"

"दोन. आन् पासपोर्टाचा फोटू कुठं काढत्यात, तालुक्याला?"