मुसळाखालचे हात

डुफीने टीव्हीच्या पाठीत एक चापट मारली, तशी थरथरणारी चित्रं जागेवर आली.

"मार, मार. नवऱ्यालाही असंच सरळ केलंस," अफ्राकोमा म्हणाली. ती आपल्या बांधलेल्या बोचक्यावर बसली होती. तिची वेताची खुर्ची मुलाने कालच अक्राला नेली होती. आज तो आईला न्यायला येणार होता.

"तो सरळ झाला तरी. तू इतकी वर्षं माझ्या घरात राहून ओला टॉवेल दोरीवर टाकायला शिकली नाहीस."

सिनेमा संपत आला होता. दोन मैत्रिणी एका घरात राहतात. एक काटेकोर, एक गबाळी. भांडून वेगळ्या होतात आणि शेवटी एका उखळाशी परत येतात. शूटिंग कुमासीतल्या याच अंगणात झालं होतं. नट्यांनी लांब नखं चिकटवलेली. उखळात हात घालायला कुणी धजेना. मग फुफू, म्हणजे शिजवलेल्या कंद-केळ्यांचा गोळा, कुटायला या दोघींना बसवलं. त्या दिवसासाठी डुफीने नवं कापड शिवून घेतलं होतं आणि चर्चमधल्या झाडून सगळ्या बायकांना सांगून ठेवलं होतं.

"आलं, आलं बघ!"

पडद्यावर मुसळ खाली आलं, वर गेलं. तेवढ्यात एक सुरकुतलेला हात उखळात शिरला, गोळा उलटून बाहेर आला. पुन्हा मुसळ, पुन्हा हात. मग दोन तरुण चेहरे हसले आणि नावं सरकू लागली.

"एवढंच? माझं तोंड कुठाय?"

"मावलं नसेल."

अफ्राकोमा खोकला येईपर्यंत हसली. डुफीने टीव्ही बंद केला आणि गुडघ्यांवर हात टेकून उठली.

"तिकडे फुफू कोण कुटतं?"

"सून पुडीतलं करते. गरम पाण्यात ढवळायचं."

"खळ."

"खळच."

बाहेर हॉर्न वाजला. डुफी अंगणात गेली. चुलीवरचं झाकण काढलं. कसावा आणि केळी शिजली होती; नेहमीइतकीच, दोघींपुरती. तिने ती उखळात ओतली आणि मुसळ उचललं. एकीने मारायचं, एकीने फिरवायचं. अबोला असला तरी दुपारचं एवढं काम दोघींनी कधी चुकवलं नव्हतं.

"आई, चल ना! ऊन चढतंय," फाटकातून मुलगा ओरडला.

'थांब' असं डुफीने उभ्या जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं, मरणाऱ्या नवऱ्यालाही नाही. मुसळ धरून ती तशीच उभी राहिली. दंड भरून आले, तरी खाली ठेवलं नाही.

अफ्राकोमा बोचकं ओढत बाहेर आली. ते भिंतीशी टाकलं. उखळाजवळच्या ठेंगण्या स्टुलावर बसली आणि वाडग्यातल्या पाण्यात उजवा हात बुडवला.

हॉर्न पुन्हा वाजला.

"हळू मार गं," ती म्हणाली. "घाई कुणाला आहे?"