कालचा ब्रेड आहे का?

तपासनीस निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण त्यांचं नाक काही निवृत्त व्हायला तयार नव्हतं. तीस वर्षं दुकानादुकानांत शिरून त्यांनी खाण्याच्या वस्तू हुंगल्या, शिळं सापडलं की तिथल्या तिथे फेकायला लावलं, भल्याभल्या दुकानदारांची बोबडी वळवली. दुकानं हातची गेली तेव्हा हा गृहस्थ सुनेच्या स्वयंपाकघरात शिरू लागला. मुलगा नोकरीपायी परगावी, येणार तो शनिवारी. बाकीचे दिवस घरात सासरे, सून आणि सासऱ्यांचं नाक. आता कौतुकाचं म्हणाल, तर त्यांच्या खात्यात चांगल्या मालाला शेरा देण्याची पद्धतच नव्हती. दोष नसला की सही ठोकायची आणि पुढचं दुकान. घरीही तेच. जेवण फर्मास झालं की ते काही न बोलता हात धुवायला उठायचे.

एका सोमवारी त्यांनी ब्रेडचा डबा उघडला. आत नऊ स्लाइस, कडा वाळून कडक झालेल्या.

"हे काय?"

"उरल्यात, बाबा."

"उरतात म्हणजे आपण जास्त आणतो. उद्यापासून लहान ब्रेड आणायचा. या घरात ब्रेड उरता कामा नये."

"बरं," सून म्हणाली. हुज्जत घालण्यापेक्षा तिला दुपारी दुसरं काम होतं. तिने त्या नऊ स्लाइसच्या कडा कापल्या, तिरके तुकडे केले, तुपात मंद आचेवर लालसर तळले, वेलचीच्या पाकात बुडवून काढले आणि वर आटवलेलं दूध ओतलं.

"शाही तुकडा," वाटी पुढे सरकवत ती म्हणाली. "हा वाळलेल्या ब्रेडचाच होतो बरं का. ताज्याचा पाकात लगदा होतो."

तपासनिसांनी सवयीने आधी वास घेतला, मग चमचा घातला. कडेला कुरकुरीत, मधे दुधाने फुगलेलं, आणि वेलची अशी की डोळे आपोआप मिटावेत. तीन वाट्या झाल्या. चौथी मागायची लाज वाटली, म्हणून पातेलं घासायला ठेवतो असं सांगून ते सिंकपाशी गेले आणि तिथे पाठ करून पातेलं बोटाने पुसून खाल्लं. तोंडातून मात्र अवाक्षर नाही.

पुढच्या सोमवारी डबा उघडून बघतात तर रिकामा. त्याच्या पुढच्या सोमवारीही रिकामा. लहान ब्रेड, दोघं खाणारे, उरणार काय, कपाळ? स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला होता साहेबांनी. सुनेला सरळ सांगायचं, तर कोणत्या तोंडाने? नियम त्यांचाच होता, आणि तो केवढ्या थाटात सुनावला होता.

मग लबाडीला सुरुवात झाली. सकाळी ताटलीतल्या तीन स्लाइसपैकी दोन गुपचूप डब्यात परत. सुनेने विचारलं तर, "आज भूक नाही." दुसऱ्या दिवशी, "पोट जरा जड आहे." संध्याकाळचा टोस्टही नको, आणि सोंग उघडं पडू नये म्हणून जेवणही अर्धंच. पोटात कावळे ओरडताहेत आणि हे डब्यात स्लाइस मोजताहेत. चौथ्या दिवशी हिशेबाने नऊ व्हायला हव्या होत्या. डबा उघडला तर आत नुसता चुरा.

"रोज उरायला लागल्या ना, मग पक्ष्यांना घातल्या," सून म्हणाली. "उरता कामा नये म्हणाला होतात." एवढं बोलून तिने त्यांची चप्पल दाराशी काढून ठेवली. "चला, दवाखान्यात जायचंय."

डॉक्टरीणबाईंसमोर बोलताना सुनेचा आवाज कापत होता. "चार दिवस झाले, यांचं खाणंच सुटलंय. सासूबाई गेल्या, त्यांचंही अगदी असंच सुरू झालं होतं."

पोरीने एवढं मनाला लावून घेतलं असेल, हे तपासनिसांच्या ध्यानीमनीही नव्हतं. तेवढ्यात डॉक्टरीणबाई लिहू लागल्या. "रक्त तपासून घेऊ. तोवर तूप, आटवलेलं दूध आणि गोड पूर्ण बंद."

"मला भूक आहे," तपासनीस घाईघाईने म्हणाले. "भरपूर आहे." आणि मान खाली घालून त्यांनी सगळं कबूल केलं. डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. सून हसली नाही.

रस्त्याने ती दहा पावलं पुढे चालत राहिली. बेकरीपाशी मात्र थांबली. "दोन रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही, बाबा. आता आत जा आणि कालचा ब्रेड मागा. तुम्ही स्वतः."

गिऱ्हाइकं होती दोन-चार. तपासनिसांना पाहताच बेकरीवाला ताडकन उभा राहिला.

"कालचा ब्रेड आहे का?"

"नाही साहेब. आपल्याकडे रोजचा माल रोज संपतो."

"थोडा तरी असेल."

"आईशप्पथ, एक तुकडा नाही. फळ्या बघा हवं तर."

"अरे, मी निवृत्त झालोय."

"मागेही असंच म्हणालात, साहेब, आणि मग फ्रीज उघडायला लावलात."

गिऱ्हाइकं हसली. तपासनिसांचे कान तापले. "मला खायचाय," ते पुटपुटले.

"तुम्ही? आणि शिळा ब्रेड?" बेकरीवाल्याने हात जोडले. "साहेब, गरिबाची परीक्षा घेऊ नका."

आता काय करावं या माणसाने? "अरे बाबा, माझी सून त्याचं गोड करते," तपासनीस म्हणाले, आणि एकदा तोंड उघडल्यावर ते थांबेचना. "तीस वर्षं गावभरचं चाखत हिंडलो, पण असं कुणाच्या हातचं खाल्लं नाही. त्याच्यापायी चार दिवस उपाशी राहिलो, पोरीच्या जिवाला घोर लावला. फार गुणाची आहे ती. असेल तर दे रे."

बेकरीवाला त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग खाली वाकला आणि टेबलाखालून दोन मोठे ब्रेड काढून त्याने त्यांच्या हातात ठेवले.

तपासनीस वळले तर सून दारातच उभी. डोळे भरलेले, पण ओठांच्या कोपऱ्यात भलतंच काहीतरी चाललेलं.

"मधेच ट्रक गेला, बाबा," ती म्हणाली. "नीट ऐकू आलं नाही. परत सांगा ना."

तपासनिसांनी रस्त्याकडे पाहिलं. ट्रक सोडा, साधी सायकलसुद्धा नव्हती. त्यांनी ब्रेड काखेत नीट धरले, घसा खाकरला आणि या वेळी तिच्याकडे बघत पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.