बावीस जणांची बातमी

इंदिरानगरमधल्या धवलच्या फ्लॅटची मागची खोली, हाच आमचा रेडिओ. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आहेत, खिडकीला जाड पडदा आहे, टेबलावर दोन माईक. रोज सकाळी साडेसातला आम्ही इंटरनेटवरून थेट बोलतो. लोक मोबाईलवर ऐकतात, मेसेज पाठवतात, फोन करतात. कार्यक्रमाचं नाव ‘पेपर आला का?’ धवल यंत्रं सांभाळतो. मी चौतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालो. त्यामुळे बातमी वाचायची, सोपी करून सांगायची आणि जमलं तर हसवायचं, हे काम माझ्याकडे आलं.

शनिवारी मुलांचे फोन असतात. चौथीतल्या यशश्रीनं एकदा विचारलं, “नाना, अविश्वास ठराव म्हणजे काय?”

मी म्हणालो, “वर्गातली मुलं मॉनिटरवर चिडली, की बाईंसमोर हात वर करून सांगतात ना, हा नको म्हणून? तसंच.”

“मग मॉनिटर काय करतो?”

“आदल्या दिवशी सगळ्यांना चॉकलेट वाटतो.”

मला हे काम मनापासून आवडायचं. पण लोक आमचा कार्यक्रम ऐकायचे ते गुरुवारी, आणि माझ्यासाठी नव्हे. गुरुवारी रावजींचा फोन असायचा.

रावजी सुरगाण्याकडचे. घरी भात आणि नागलीची थोडी शेती. दिवाळी झाली की बायकोला, मंगलाबाईंना, आणि मुलगी सरिताला घेऊन ते जानोरीला द्राक्षबागेत कामाला यायचे आणि शिमग्याला परत जायचे. बागेत द्राक्षवेलीच्या तारेला मोबाईल अडकवून सगळे मजूर आमचा कार्यक्रम ऐकायचे. तीन वर्षांपूर्वी आमदारांच्या पक्षांतरावर मी काहीतरी बोलत होतो, तेव्हा रावजींचा पहिला फोन आला.

“गुरुजी, त्या आमदारांना आमच्या जीपमध्ये बसवा.”

“का हो?”

“आमच्या जीपमध्ये माणूस एकदा बसला की उतरेपर्यंत जागा बदलत नाय. बदलायला जागाच नसते!”

धवल खुर्चीवरून पडायचा राहिला. त्या दिवसापासून रावजींची जीप हे आमच्या कार्यक्रमाचं कायमचं पात्र झालं. बजेट असो, सिंहस्थासाठी उकरलेले रस्ते असोत, कांद्याचा भाव असो, रावजी सगळं त्या जीपमध्ये बसवायचे. दर गुरुवारी मी विचारायचो, “रावजी, आज किती?” आणि ते आकडा सांगायचे. “आत तेरा, टपावर चार, मागं लोंबणारे तीन. डायव्हर अर्धा.”

“अर्धा कसा?”

“अर्धा बाहेर हाय की!”

धवलनं त्यासाठी हशाचा एक आवाज शोधून ठेवला होता. रावजींनी आकडा सांगितला की तो बटण दाबायचा. श्रोते पैजा लावायचे. कुणी मेसेज करायचं, आमच्या पेठ तालुक्यात एकवीस बसतात, रावजींना सांगा. मला त्यात वावगं काही दिसलं नाही. उलट वाटायचं, डोंगरातल्या माणसाला शहर कान देऊन ऐकतंय.

यंदा होळीच्या दोन दिवस आधी गुरुवार आला. रावजींचा फोन अजून यायचा होता. पेपर वाचून झाला होता आणि मी पडद्यावर येणारे मेसेज वाचत होतो. एक मेसेज आला. मी तो जसाच्या तसा मोठ्यानं वाचला. “सुरगाण्याच्या घाटात सकाळी जीप उलटली, आत बावीस जण होते.” आणि श्वासही न घेता पुढे म्हणालो, “बावीस! अहो रावजी, ऐकताय ना? तुमचा विक्रम गेला हो!”

धवलनं बटण दाबलं. हशा झाला.

सहा-सात मिनिटांनी दुसरा मेसेज आला. तीन जण जागीच गेले होते. मी आवाज बदलला, वाईट बातमी असल्याचं सांगितलं, धवलनं बासरी लावली. कार्यक्रम संपला. रावजींचा फोन आला नाही. मला वाटलं, गावी जायच्या गडबडीत असतील.

संध्याकाळी नावं कळली. त्यातलं एक नाव सरिता रावजी, वय एकोणीस.

मी दुसऱ्या दिवसापासून कार्यक्रमाला गेलो नाही. धवल दोनदा घरी येऊन गेला. “नाना, तुम्हाला कुठं माहीत होतं?” तो म्हणाला. मी त्याला चहा दिला. रावजींना फोन लावायला घ्यायचो आणि ठेवून द्यायचो. शेवटी बाराव्या दिवशी फोन तिकडूनच आला. रावजींचा पुतण्या ललित बोलत होता.

“गुरुजी, काकांनी बोलवलंय. येता का?”

“येतो. कसे आहेत ते?”

“काकी काकांशी बोलत नाय. त्या दिवसापासून एक शब्द नाय. काका म्हणतात, गुरुजी समजावून सांगतील. त्यांना समजावता येतं.”

दुसऱ्या दिवशी पहाटेची एस.टी. धरली. गाडीत मी मनातल्या मनात शब्द जुळवत होतो. आधी माफी मागायची, मग सांगायचं की मेसेज अर्धाच आला होता, रावजींचा यात काही दोष नाही, तो विनोद माझा होता. पाठ तयार करायची सवय जुनी. सुरगाण्याला ललित मोटारसायकल घेऊन उभा होता. त्याच्या मागं बसून पाड्यावर पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते.

रावजी ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. गेल्या पावसाळ्यात ते स्टुडिओत आले होते, तेव्हाचा माणूस आणि हा माणूस एक वाटत नव्हता. मी शेजारी बसलो.

“रावजी, मी चुकलो,” मी म्हणालो.

“तुम्ही बोलले,” ते म्हणाले. “मी हसलो.”

मला नीट कळलं नाही.

“बागेत ऐकत व्हतो आम्ही. द्राक्षांचा खुडा चालू व्हता. सरिता आमच्या दोन दिस आधी, त्याच पहाटे निघाली व्हती, घर सारवायला, शिमगा जवळ आला म्हणून. तुम्ही म्हणाले, रावजी, विक्रम गेला. सगळी माझ्याकडं बघाया लागली. मी हात वर केला, असा.” त्यांनी हात थोडा उचलला आणि खाली टाकला. “आणि लय हसलो. म्हणलं, थांबा, गुरुजींना फोन लावतो, आपण तेवीस करू. मंगला समोरच्या ओळीत व्हती. ती बघत व्हती. फोन हातात घेतला, तवाच वाजला. ललितचा.”

आतून भांड्याचा आवाज आला.

“तिला सांगा गुरुजी,” रावजी हळूच म्हणाले. “मला माहीत नव्हतं, असं सांगा. माझं ऐकत नाय ती.”

मंगलाबाई चुलीपाशी होत्या. माझ्यासाठी काळा चहा घेऊन त्या दाराशी आल्या, कप माझ्यापुढे ठेवला आणि उंबऱ्याच्या आत बसल्या. रावजींच्या दिशेला त्यांनी पाहिलं नाही.

“बाई,” मी सुरुवात केली, “चूक सगळी माझी आहे. रावजींना काही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मेसेज अर्धाच आला होता. कोणी गेलंय, हे त्यात लिहिलेलं नव्हतं.”

“कोणी मेलंय, हे तुम्हाला ठाव नव्हतं,” त्या म्हणाल्या.

“नव्हतं.”

“गाडी उलटली, हे ठाव व्हतं?”

“हो.”

“घाटात उलटली, हे?”

“हो.”

“आत माणसं व्हती.”

“हो बाई.”

“मग हसायचं काय व्हतं त्यात?”

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. न समजलेली गोष्ट विचारावी, तसं त्यांनी विचारलं. मी आयुष्यभर मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली आहेत. ज्याचं उत्तर येत नाही, त्याला उद्या सांगतो म्हणायचो आणि खरंच दुसऱ्या दिवशी सांगायचो. इथं उद्याचं कबूल करायला तोंड नव्हतं.

“ह्यांना पण विचारलं मी,” मंगलाबाई म्हणाल्या. “त्याच दिवशी. आमची कोण हाय त्यात, हे ठाव नसंल, पण कोणाची तरी व्हतीच ना? हसले कशापायी? तर खाली बघतात. बोलत नाय. रेडिओवर एवढं बोलतात.”

रावजी खालीच बघत होते. बसमध्ये तयार केलेलं माझं सगळं बोलणं संपलं होतं. जे उरलं होतं तेवढंच सांगायचं होतं.

“आम्हाला माणसं दिसली नाहीत, बाई,” मी म्हणालो. “आकडा दिसला. तीन वर्षं दर गुरुवारी आकडाच विचारत होतो. तो ऐकला की हसायचं, एवढंच डोक्यात होतं. मी शिक्षक आहे. एका गाडीत वीस माणसं कोंबून जातात, म्हटल्यावर पहिल्याच दिवशी मी विचारायला हवं होतं, एस.टी. का नाही? मी विचारलं, टपावर किती? ती सवय मी लावली, रावजींना आणि ऐकणाऱ्यांनाही.”

“मी पण लावली,” रावजी म्हणाले. मान वर न करता, पण मोठ्यानं. “मला आवडायचं. शहरातली माणसं माझ्या बोलण्याला हसायची. मला लय भारी वाटायचं, मंगला. म्हणून हसलो. दुसरं काय नाय.”

मंगलाबाईंनी पदर तोंडाला लावला. रडल्या असतील, पण आवाज आला नाही. शेजारची एक बाई डोकावून परत गेली. चहा कपात तसाच निवला. मला वाटत होतं, त्या काहीतरी म्हणतील. माफ केलं म्हणतील किंवा उठा म्हणतील. दोन्हीपैकी काही झालं नाही. बऱ्याच वेळानं त्या उठल्या, आत गेल्या आणि परत आल्या तेव्हा हातात रावजींची टोपी होती. ती त्यांनी रावजींच्या शेजारी ठेवली.

“गुरुजींना फाट्यापर्यंत सोडून या,” त्या म्हणाल्या. “उघड्या डोक्यानं जाऊ नका. ऊन झालंय.”

आणि त्या चुलीकडे वळल्या.

फाटा तसा वीस मिनिटांचा. ललित मोटारसायकल काढत होता, पण रावजींनी त्याला नको म्हटलं. आम्ही चालत निघालो. मोहाची फुलं पडायला लागली होती, काही बायका टोपल्या घेऊन वेचत होत्या. त्यांनी रावजींना पाहिलं आणि आपसातलं बोलणं थांबवलं.

“बोलली,” निम्म्या वाटेवर रावजी म्हणाले.

“हो.”

“माझ्याशी बोलली ना?”

“तुमच्याशीच.”

ते थांबले, टोपी काढली, तोंड पुसलं आणि परत घातली. “आता रोज बोलंल की नाय, काय ठाव.” पुढं चालता चालता म्हणाले, “तुम्ही रेडिओवर जाल परत?”

“ठरवलेलं नाही.”

“जा. पोरं विचारतात ना तुम्हाला. मला फोन नका करू पण.”

“नाही करणार.”

फाट्यावर सावलीला उभे राहिलो. थोड्या वेळानं सुरगाण्याकडे जाणारी जीप आली. भरलेली. माझे पांढरे केस पाहून पुढच्या सीटवरचा एक तरुण आपणहून खाली उतरला. “बसा बाबा, मी मागं लटकतो.” रावजी डोंगराकडे बघायला लागले.

“नको,” मी म्हणालो, “मी एस.टी.नं जाईन.”

“एस.टी. अडीच वाजता हाय बाबा,” ड्रायव्हर हसून म्हणाला. “लवकर आली तर तीनला!”

गाडीतले सगळे हसले. तो तरुण परत आत चढला, जीप गेली.

आम्ही दोघं दगडावर बसलो. दोन तास तरी होते. मी रावजींना इतक्या वर्षांत न विचारलेली गोष्ट विचारली. “सरिता कशी होती हो?”

कुठल्याही विषयावर तोंड उघडताच बोलू शकणारा हा माणूस. त्या दिवशी त्यांना शब्द सापडायला खूप वेळ लागला.

“तिला गाडी लागायची, गुरुजी,” ते म्हणाले. “आत बसली की उलटी व्हायची. वारा लागावा म्हणून ती कायम कडेला बसायची. पार बाहेर. मी तिला सांगायचो, घट्ट धरून बस.”

एस.टी. येईपर्यंत आम्ही तिथंच बसून होतो. मध्ये आणखी तीन जीप गेल्या. प्रत्येक जीप जवळ आली की रावजी उभे राहायचे, कडेला बसलेल्यांकडे बघायचे आणि ती वळणाआड गेली की खाली बसायचे.