नकाशावरचा तारा

टँकर अडवायचा हे आदल्या दिवशीच ठरलं होतं. पडेगावच्या मागं खडकाळ माळावर धनगरांची अकरा घरं. माळाचे प्लॉट पडले, बंगल्यांच्या पाट्या लागल्या, आणि दुष्काळात वाडीची विहीर तळाला गेली. बंगल्यांना रोज दोन टँकर जायचे, तेही वाडीच्या दारावरून. वाडीला आठवड्यातून एक, आला तर.

भर दुपारी बायकांनी रस्त्यावर घागरी मांडल्या. ड्रायव्हर बद्रीनाथनं हॉर्न वाजवला, आईबहिणीवरून शिव्या दिल्या, आणि एका घागरीवरून चाक घातलं. तिथून पुढं कुणाचं कुणाला भान राहिलं नाही. वाडीतल्या साहेबरावनं टँकरची काच फोडली. बद्रीनाथ टामी घेऊन खाली उतरला. चाकं खोलायची हातभर लोखंडी टामी ती. समोर येईल त्याला तो हाणत सुटला. साहेबरावच्या पाठीवर दोरखंडासारखा लांब वळ उठला. गोजरबाईचे पुढचे दोन दात रस्त्यावर पडले. कुणीतरी बद्रीनाथच्या कपाळावर वीट घातली, तरी तो थांबेना. डोळ्यात रक्त उतरलेलं, आणि तसाच हाणतोय.

मुंजाबा तेव्हा मेंढरं घेऊन मागच्या टेकाडावर होता. आरडाओरडा ऐकून त्यानं कमरेची गोफण सोडली आणि टँकरच्या दिशेनं तीन दगड भिरकावले. दोन टाकीवर ठणठणले. मग तो हातातलं सगळं टाकून खाली पळाला.

पोचला तेव्हा त्याची बायको रत्नमाला रस्त्यावर पालथी पडली होती. केसांतून रक्त येत होतं आणि धुळीचा चिखल होत होता. दोन हातांच्या अंतरावर बद्रीनाथ उभा, हातात टामी. यापुढं कुणी काय विचारायचं?

"टामीनं जिवं मारली," गोजरबाई रक्ताळल्या तोंडानं म्हणाली. सगळी वाडी तेच म्हणाली. मुंजाबानं फिर्यादही तीच दिली.

चार महिन्यांनी बद्रीनाथला जामीन मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळीच कन्नडहून जीप आली. रत्नमालाचा धाकटा भाऊ खंडेराव उतरला. मागं तीन माणसं बसलेली, आणि त्यांच्या पायाशी पोत्यात गुंडाळलेली कुऱ्हाड.

"दाजी, त्यो सुटला आन् तुमी मेंढरं राखताय व्हय?"

"मग काय करू?"

"बांगड्या भरा! माझ्या अक्काचं डोस्कं फोडून त्यो घरी गरम भाकरी खातोय."

"त्याचं घर कुठं हाय तेबी ठावं नाय मला."

"वकिलानं केसची कागदं दिलीत न्हवं? त्यात असंल की पत्ता. काढून ठिवा. मी दौलताबादला एकाला गाठून तीनला येतो. आज त्याचा निकाल लावायचा."

"लई पानं हायेत, खंडेराव."

"अक्कानं शिकवलंय न्हवं वाचाय? सांगत फिरायची बापडी, आमचा नवरा आता हाफिसर झाला म्हणून."

जीपमधला एकजण हसला. खंडेरावनं वळून बघितलं तसा गप झाला.

कागद पेटीत रत्नमालाच्या लुगड्याखाली होते. मुंजाबानं ते कधी उघडले नव्हते. पेटी उघडली की तिचा वास यायचा, आणि तो पेटी लावून टाकायचा.

वाडीत कालिंदीबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका साक्षरतेचा वर्ग घ्यायच्या. रत्नमाला तिथं शिकली, आणि घरी येऊन नवऱ्याला शिकवायची. मुंजाबा चौथीपर्यंत गेलेला. अक्षर कळायचं, पण पहिल्या ओळीपासून वाचायला लागला की चौथ्या ओळीला दमायचा. एकदा त्यानं जंताच्या औषधाचा कागद असाच अर्धा वाचला आणि सगळ्या कळपाला औषध पाजलं. चार मेंढ्या गाभडल्या, पोटातली कोकरं गेली. औषधाच्या नावावर छोटा तारा होता, आणि कागदाच्या तळाला तोच तारा काढून बारीक अक्षरात लिहिलं होतं, गाभण मेंढीला देऊ नये.

रत्नमालानं रात्री ते चार गोळे पुरले. सकाळी म्हणाली, "अवो, कागद म्हंजे काय भाकरी हाय का, कडंपासून खात यायला? आधी वरचं ठळक नाव बघायचं. मग यादी. मग चित्र, आन् चित्राखालची ओळ. चौकट असली तर ती सोडायची नाय. आन् तारा दिसला की खाली तारा हुडकायचा. कळलं का, हाफिसर?"

मुंजाबा ओट्यावर बसला. पहिलं पान यादीचं. डावीकडं नाव, उजवीकडं पान नंबर. 'आरोपीचे नाव व पत्ता', पान दोन. त्यानं पान दोन काढलं. शहरातल्या गारखेड्याचा पत्ता होता, गल्लीसकट. त्यानं पानाचा कोपरा मुडपला. काम झालं होतं.

पण यादीत तिचंही नाव होतं. 'मयत रत्नमाला हिच्या जखमा', पान चौदा.

चौदाव्या पानावर माणसाची दोन चित्रं होती, एक पुढून, एक मागून. मागच्या चित्रात डोक्यावर नंबर एक. पुढच्या चित्रात गुडघ्यांवर दोन आणि तीन. खाली तेच नंबर घालून तक्ता केला होता. एक: डोक्याच्या मागे, वाटोळी, लिंबाएवढी, हाड आत दबलेले. दोन, तीन: खरचटलेले. चार नंबर नव्हताच. मुंजाबानं चित्र पुन्हा बघितलं. साहेबरावच्या पाठीवर होता तसा लांब वळ त्यात कुठंच नव्हता.

त्यानं परत यादी काढली. यादीत नकाशा नवव्या पानावर होता. कोपऱ्यातल्या चौकटीत खुणा दिल्या होत्या. चौकोन म्हणजे टँकर. गोल म्हणजे आरोपी. फुली म्हणजे मयत. गोल चौकोनाला लागून होता, आणि फुली त्याच्यासमोर. टँकरकडं डोकं करून ती पालथी पडली होती; म्हणजे बद्रीनाथ तिच्या तोंडापुढं होता. तिच्या पाठीमागं रिकामा माळ, आणि माळाच्या टोकाला टेकाड.

टेकाडावर एक छोटा तारा होता.

खाली बघू नये असं त्याला वाटलं. बोट आपोआप खाली गेलं. 'येथे एक गोफण व काही वाटोळे दगड मिळून आले.'

दोन ठणठणले होते. तिसरा वाजला नव्हता.

मुंजाबा ओट्यावरून वाकला आणि पोटातलं सगळं बाहेर पडलं. मुडपलेलं पान वाऱ्यानं फडफडत होतं. ते एक पान दिलं की संपलं. खंडेराव बाकी पानं बघणार नव्हता. पोलिसांनी बघून न बघितल्यासारखं केलं होतं.

तीन वाजता जीप आली.

"घावला का पत्ता?"

"घावला."

"आना."

मुंजाबानं नववं पान दिलं.

"ह्यो तर नकाशा हाय."

"तारा बघ. मग खाली तसाच तारा हाय, त्यो वाच."

खंडेराव सातवी झालेला. ओठ हलवत वाचलं. "गोफण? कुनाची?"

"त्या दिशी टेकाडावर मी एकटाच व्हतो." मुंजाबानं चौदावं पान पुढं केलं आणि एक नंबरावर बोट ठेवलं. "टामीनं असं व्हत नाय. मी तीन मारले, खंडेराव. दोन वाजले."



"दाजी," खंडेराव हळूच म्हणाला, "खोटं हाय म्हना."

"बद्रीनाथनं लई जनांना हानलं. तिला नाय."

खंडेरावनं पोत्यातली कुऱ्हाड उपसली. ती डोक्यावर गेली, आणि हातात उलटी झाली. तुंब्याचा, पात्यामागच्या बोथट लोखंडाचा, पहिला घाव गळ्याच्या हाडावर बसला. हाड मोडल्याचा आवाज जीपपर्यंत गेला. दुसरा बरगडीत. मुंजाबा पडला, मग लाथा. तोंडावर, पोटात, परत तोंडावर.

"हात उचल की, भाड्या! उचल हात!"

मुंजाबानं उचलला नाही. तिघांनी मिळून खंडेरावला ओढलं तेव्हा त्याच्या पायतणाला रक्त आणि केस लागले होते. तो जीपच्या चाकाशी बसला आणि लेकरासारखा ओरडला, "तुला वाचाय का शिकवलं रं तिनं!"

जीप निघाली ती शहराकडं वळली नाही, कन्नडच्या वाटेला लागली.

मुंजाबा बऱ्याच वेळानं उठला. डावा हात लोंबत होता. अंगणभर कागद पसरले होते. एकेक पान उचलून त्यानं नंबरवार लावलं. दोन नंबरचा मुडपलेला कोपरा सरळ केला. नऊ नंबरचं पान तेवढं सगळ्यांत वर ठेवलं. नाकातलं रक्त त्यावर पडू नये म्हणून गठ्ठा अंगापासून लांब धरला, आणि पोलीस चौकीच्या रस्त्याला लागला.