साहेब आणि सहा मासे

दादा कवळ्या बनवायचे. दाताच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती. प्लास्टरचे साचे, मेणाच्या पट्ट्या, हिरड्यांच्या रंगाच्या गुलाबी भुकटीचे डबे आणि घरघरणारं एक घासायचं यंत्र, एवढ्या पसाऱ्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. "या वस्तीतलं निम्मं हसू माझ्या हातचं आहे," असं ते म्हणायचे, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. घरी मात्र बायको गेल्यापासून हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. मागे राहिले होते तिचे सहा सोनेरी मासे.

ती होती तोवर दादांनी त्या माशांकडे धड बघितलंही नव्हतं. काच पुसणं, पाणी बदलणं, चिमूटभर दाणे टाकणं, सगळं तीच करायची. आता ते दादांच्या गळ्यात पडलं. पाच मासे केशरी होते. सहावी मासोळी आठ वर्षांची, वयाने पार पांढरी पडलेली. तिला बायको म्हातारी म्हणायची. पाण्याला बोट टेकवलं की म्हातारी संथपणे वर यायची आणि बोटाला तोंड लावायची. बायको गेल्यावर पंधरा दिवस ती वर आलीच नाही. सोळाव्या दिवशी दादांच्या बोटाशी आली. त्या दिवशी दादा कामावर तासभर उशिरा पोचले, आणि डोळे का लाल आहेत हे डॉक्टरीणबाईंनी विचारलं नाही.

वर्षभराने धाकटा भाऊ राहायला आला. अठ्ठावन्न वर्षांचा होता, पण दादांसाठी छोट्या तो छोट्याच. लग्नाच्या भानगडीत तो कधी पडला नाही. एका दहा मजली इमारतीत लिफ्ट चालवायचा आणि तिथेच जिन्याखालच्या खोलीत राहायचा. इमारत पाडायला काढली, तेव्हा नोकरी आणि छप्पर दोन्ही एकाच दिवशी गेलं. दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या एका हातात पेटी होती आणि दुसऱ्या हातात झाकण लावलेली बादली.

"बादलीत काय आणलंयस?"

"साहेब आहेत," छोट्या म्हणाला.

झाकण काढलं तर आत बशीएवढं कासव. सातव्या मजल्यावरचं एक कुटुंब घर सोडताना "आठ दिवसांत येऊन नेतो" म्हणून ते त्याच्याकडे ठेवून गेलं होतं. त्याला नऊ वर्षं झाली. मान ताठ करून, कुणालाही भीक न घालता बसायची त्याची ती ऐट बघून छोट्याने त्याचं नाव साहेब ठेवलं होतं.

"बादलीत किती दिवस ठेवणार त्याला? तुझ्या वहिनीची टाकी आहे की," दादा म्हणाले.

छोट्या घुटमळला. "त्यात मासे आहेत, दादा. माशांच्या दुकानातला माणूस म्हणतो, ही दोन्ही एकत्र ठेवू नयेत."

"अरे, एवढी लांबरुंद टाकी आहे. कोण कुणाच्या वाटेला जातंय! सोड."

दादांनी हौसेने कवळीच्या भुकटीची एक गुलाबी पायरी बनवली, साहेबांना पाण्याबाहेर येऊन ऊन खाता यावं म्हणून. ती टाकीत बसवल्यावर छोट्या पोट धरून हसला. "दादा, हे हिरड्यांवर बसल्यासारखं दिसतंय रे!" त्या घरात कुणी असं मोकळं हसून वर्ष लोटलं होतं.

तीन महिने छान गेले. सकाळी दोघं भाऊ चहाचे कप घेऊन टाकीसमोर बसायचे. साहेब पायरीवर, मासे खाली. "साहेब, आज फाइल बघणार का?" असं छोट्या विचारायचा आणि दादा चहा सांडेपर्यंत हसायचे.

मग एका सकाळी दादांच्या लक्षात आलं, की एका केशरी माशाची शेपटी कुरतडलेली आहे. तीस वर्षं दातांच्या खुणा बघितलेला माणूस. ही दातांची खूण नव्हे हे त्यांनी लगेच ओळखलं. कडा सरळ कापली गेली होती, कात्रीने कापावी तशी. साहेबांना दात नव्हते, नुसती धारदार चोच होती. दादा तसेच कामावर गेले. संध्याकाळी घरी आले तर मासे सहाच होते आणि सगळ्यांच्या शेपट्या शाबूत होत्या. पण त्यातला एक मासा नवा होता. कुरतडलेल्या माशाच्या कल्ल्याजवळ होता तो ठिपका याला नव्हता.

छोट्या स्वयंपाकघरातून नको तितक्या मोठ्या आवाजात म्हणाला, "सगळे मजेत आहेत हं, दादा!"

दादांना खरं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बोललं तर साहेब जाणार, आणि साहेबांमागे छोट्याही जाईल की काय, ही धास्ती मनात बसली. त्यांनी डोळ्यांवर कातडं ओढलं. पुढच्या दोन महिन्यांत आणखी तीन मासे असेच बदलले. छोट्या साहेबांना पोटभर खाऊ घालायचा, टाकीत मधोमध जाळीही लावून बघितली. साहेबांनी जाळी दोन दिवसांत लोळवली. दुसरी टाकी आणू या, असं दोघांपैकी कुणीही म्हणालं नाही. तसं म्हणायचं तर सगळंच उघड बोलावं लागलं असतं.

आणि मग एका रविवारी म्हातारी गेली. दादा आंघोळ करून आले, तर छोट्या टाकीसमोर खाली बसलेला. त्याच्या ओंजळीत ती होती, अर्धी.

"तिच्यासारखी दुसरी मिळाली नसती रे, दादा," तो एवढंच म्हणाला.

दादांच्या आत काहीतरी तुटलं. "म्हणजे दोन महिने मला वेड्यात काढतोयस तू! मला दिसत नव्हतं वाटतं? त्या जनावरापायी तू तिच्या आजारपणात फिरकला नाहीस, आणि आता तिचं मागे उरलेलंही खाऊन टाकलंस!"

छोट्याला तेव्हा रजा मिळाली नव्हती. तीनदा अर्ज करूनही मिळाली नव्हती, हे दादांना चांगलं ठाऊक होतं. साहेबांना टाकीत सोड असं आपणच म्हणालो होतो, हेही ठाऊक होतं. पण जीभ थांबली नाही.

छोट्या ओंजळीसकट उठला. म्हातारीला कुंडीतल्या मातीत पुरलं, हात धुतले, साहेबांना बादलीत घेतलं आणि बाहेर पडला. संध्याकाळी रिकाम्या बादलीसह परत आला. बादली घासली आणि न्हाणीत पालथी घातली.

"सोय झाली साहेबांची. त्या दुकानातच ठेवून घेतलं," तो म्हणाला.

त्यानंतर घरात फक्त कामापुरतं बोलणं राहिलं. "जेवलास?" "जेवलो." "पाणी आलं?" "आलं." दादा रोज ठरवायचे, आज बोलू. माफी मागायची म्हणजे काय मोठंसं, धाकट्या भावाशी कसली लाज! पण छोट्या समोर आला की पुन्हा "जेवलास?" एवढंच विचारायचे. असे तीन आठवडे गेले. बाविसाव्या दिवशी जिना चढताना छोट्या छाती धरून खाली बसला.

"हृदय खूप वर्षांपासून थकलेलं आहे. आजची गोष्ट नाही ही," इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं. दादांनी मान हलवली. मनाला मात्र ते पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाकातली नळी सांभाळत छोट्याने पहिला प्रश्न विचारला, "साहेबांना ऊन मिळत असेल का रे?"

"बघून येतो," दादा म्हणाले आणि तडक माशांच्या दुकानात गेले. साहेबांना घरी आणायचं आणि छोट्याला तसं सांगायचं, असं त्यांनी वाटेत पक्कं केलं होतं.

छोट्याने ठेवलेल्या कासवाची चौकशी केली, तशी दुकानदाराने हातातली जाळी खाली ठेवली. "तुम्ही त्यांचे मोठे भाऊ का? कासव गेलं हो. मागच्या आठवड्यातच. आल्या दिवसापासून अन्नाला तोंड लावलं नाही. तुमच्या भावाला कसं कळवावं तेच समजेना." मग म्हणाला, "फार वेगळा माणूस. मासा घ्यायला यायचे तर तास तास काचेला नाक लावून उभे राहायचे. अगदी तसाच हवा म्हणायचे. दादाचं अजून एकदा घर मोडायला नको, म्हणायचे."

इस्पितळापर्यंतचा रस्ता दादा पायीच चालले. वाटेत दोन बस येऊन गेल्या, त्यांनी हात केला नाही.

"भेटले साहेब?" छोट्याने विचारलं.

"भेटले ना. दुकानाच्या दारातच ठेवलंय त्यांना. सकाळभर ऊन असतं तिथे."

"खातात?"

"खातात तर! माझ्यासमोर कोबीचं अख्खं पान फस्त केलं."

छोट्याने नाकातली नळी नीट केली. मग हलकेच म्हणाला, "कोबी साहेबांनी नऊ वर्षांत कधी हुंगलासुद्धा नाही, दादा."

दादांचा चेहरा उतरला. छोट्याने चादरीवरून हात सरकवून त्यांचं मनगट धरलं.

"असू दे. मीही तुला चार वेळा फसवलं."

"छोट्या, मी त्या दिवशी जे बोललो ना, ते..."

"वहिनीची होती ती. बोलणारच तू."

"तुला रजा मिळाली नव्हती. मला माहीत होतं."

"मलाही माहीत होतं, तुला माहीत आहे ते," छोट्या म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. मनगट मात्र सोडलं नाही. भेटीची वेळ संपल्याचं नर्सने येऊन सांगितलं, तेव्हा दादांनीच एकेक बोट सोडवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी छोट्या गेला.

सगळं आटोपून दादा आठव्या दिवशी कामावर आले. त्या दिवशी एका आजींच्या कवळीची चाचणी होती. मेणात बसवलेले दात तोंडात घालून बघायचे, चावा जुळतो का ते तपासायचं. डॉक्टरीणबाई दुसऱ्या पेशंटकडे गेल्या होत्या, म्हणून दादाच समोर बसले. त्यांनी कवळी हातात घेतली तेवढ्यात आजींनी विचारलं, "तुमचे ते भाऊ डबा घेऊन यायचे ना, जाता-येता माझी थट्टा करायचे? दिसले नाहीत बरेच दिवसांत."

"आ करा," दादा म्हणाले. त्यांनी कवळी नीट बसवली. "आता बोलू नका. मेण हलेल."

आजींनी तोंड मिटलं. दादा चावा बघू लागले, पण त्यांना काही दिसेना.

"गेला तो," ते म्हणाले. "मागच्या आठवड्यात गेला."

इस्पितळात, स्मशानात, रिकाम्या घरात जे आलं नव्हतं, ते रडू त्या खोलीत आलं. साच्यांवर, मेणावर, पांढऱ्या कोटावर. आजींना काही बोलता येईना. त्यांनी दादांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि ओठ घट्ट मिटून, कवळी न हलू देता, तशाच बसून राहिल्या.